बी कुठे पडणार?

बागेसाठी झाड निवडताना आपण फूल पाहतो. बियांच्या पाकिटावर चित्र फुलाचं असतं, रोपवाटिकेत पुढच्या रांगेत फुललेली रोपं मांडलेली असतात, आणि फोटो काढून कुणाला पाठवायचा तर तोही फुलाचाच. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या झाडांच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही. मोगऱ्याची किंवा गुलाबाची निवड फुलावरून केली, तर फार तर पैसे वाया जातील. रानफुलाचं तसं नाही. ते माणसाच्या मदतीशिवाय जगायला शिकलेलं असतं, आणि हे शिक्षण त्याच्या पाकळीत नाही, बोंडात असतं. म्हणून रानफूल बागेत आणायचं असेल तर आधी त्याचं बोंड पाहावं, बी किती धरतं, ते कसं उडतं, कुठे पडतं आणि पडल्यावर किती वर्षं थांबतं हे विचारावं, आणि मगच फुलाकडे वळावं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. हे म्हणणं तपासायला खसखशीच्या कुळाइतकं चांगलं उदाहरण नाही. या कुळातली फुलं पाहताक्षणी भुरळ घालतात, आणि बियांच्या बाबतीत हे कुळ फार हुशार आहे.

सुरुवात समुद्रकाठच्या पॉपीपासून करू. इंग्लंडपासून भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुढे काळ्या समुद्रापर्यंतच्या किनाऱ्यांवर, वाळूपेक्षा गोट्यांचेच ढीग जास्त असतात अशा जागी, ग्लाउशियम फ्लेवम नावाची पिवळी पॉपी उगवते. निळसर, मेण लावल्यासारखी जाड पानं, खारा वारा सोसणारी. गोट्यांच्या फटींतून खोल जाणारं सोटमूळ. चार पाकळ्यांचं पिवळंधमक फूल, आणि त्यानंतर वीतभराहूनही लांब वाढणारी, शिंगासारखी वाकलेली शेंग. चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या डंजनेस किनाऱ्यावर, कुंपण न घालता, गोट्यांतच बाग केली. किनाऱ्यावर आपोआप येणाऱ्या झाडांनाच त्यांनी बागेतलं मानाचं स्थान दिलं, आणि ती बाग जगभर नावाजली गेली. डंजनेसला हे शोभलं, कारण तिथली झाडं तिथलीच होती. हीच पॉपी अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा तिथल्या वाळूवरच्या झाडांची जागा तिने घ्यायला सुरुवात केली. आज मॅसॅच्युसेट्स राज्यात ती विक्रीला बंदी असलेल्या झाडांच्या यादीत आहे. फूल तेच, पाकळ्या चारच. किनारा बदलला आणि त्या शिंगांतल्या बियांचा अर्थ बदलला.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं. 1816 मध्ये ‘रुरिक’ हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात थांबलं. जहाजावरचे निसर्गअभ्यासक आदेलबर्ट फॉन शामिसो यांनी तिथली केशरी पॉपी गोळा केली आणि 1820 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध करताना जहाजावरचे डॉक्टर एशशोल्ट्झ यांचं नाव तिला दिलं. 1903 मध्ये ती कॅलिफोर्नियाचं राज्यफूल झाली. किनाऱ्यालगतचा तिचा प्रकार बुटका, जमिनीवर पसरणारा आणि बहुवर्षायू. पाकळ्या कडेला पिवळ्या आणि मध्यावर केशरी. आत कोरड्या माळांवरचा प्रकार एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून संपणारा. एकाच जातीत हवामानाप्रमाणे आयुष्याची लांबी बदलते, ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगाची आहे. पण त्याआधी चिलीकडे पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात ही पॉपी बागांच्या निमित्ताने चिलीत गेली, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेने पसरली, आणि अभ्यासकांनी तुलना केली तेव्हा चिलीतली झाडं मूळ घरच्या झाडांपेक्षा मोठी वाढताना आणि जास्त बी धरताना आढळली.

या दोन्ही पॉपींना आणि युरोपातल्या शेतांमधल्या लाल पॉपीला एक गोष्ट सारखी आवडते: उकरलेली, हललेली, रिकामी पडलेली जमीन. लाटा गोटे हलवतात, नांगर माती उलथतो, आणि दोन्ही ठिकाणी जुनी झाडं हटून उजेड जमिनीपर्यंत येतो. लाल पॉपीचं बी मातीत अनेक दशकं निजून राहू शकतं. 1914 ते 1918 च्या महायुद्धात फ्लँडर्सची जमीन तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी उलथीपालथी झाली, तेव्हा हेच निजलेलं बी वर आलं आणि रणांगणं लाल झाली. ती फुलं कुणी पेरली नव्हती. पॉपीच्या बियांबद्दल यापेक्षा बोलका पुरावा देता येणार नाही.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकडे यावं. इथे समुद्रकिनारा नाही. समुद्राचं पाणी खाडीवाटे कल्याणपर्यंत येतं, त्यापुढे उल्हास नदी गोड होते. तरीही पॉपीला आवडणारी जमीन इथे जागोजाग आहे, आणि ती माणसाने तयार केलेली आहे. उल्हासनगर हे शहरच मुळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलं. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याला आजचं नाव मिळालं, आणि तिथले पत्ते अजूनही कॅम्पच्या क्रमांकांनी सांगितले जातात. अंबरनाथ कारखान्यांच्या आधाराने वाढलं, बदलापूर अलीकडच्या दशकांत लोकलच्या आधाराने. तिन्ही शहरांत सतत काहीतरी खणलं जातं, भराव टाकला जातो, मुरूम पसरला जातो, रेल्वेसाठी खडी अंथरली जाते, इमारत पाडून राडारोडा ओतला जातो. पाऊस ओसरला की हे सगळं उघडं, निचऱ्याचं, उन्हात तापणारं असतं. समुद्राने गोट्यांचा जो ढीग युरोपच्या किनाऱ्यावर रचला, तसाच ढीग इथे डंपरने रचला जातो, आणि खसखशीच्या कुळातल्या एका झाडाने तो ओळखला आहे.

ते झाड म्हणजे पिवळा धोतरा. काही जण त्याला काटेधोतरा म्हणतात, काही जण फिरंगी धोतरा किंवा बिलायत. धोतऱ्याशी त्याचं नातं नाही. ते खसखशीचं सख्खं नातलग आहे आणि वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव आर्जेमोने मेक्सिकाना. मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. समुद्रमार्गे आलेलं हे झाड आता कोकणापासून विदर्भापर्यंत पडीक जागी दिसतं. पाऊस संपून हवा थंडावली की ते उगवतं, हिवाळ्यात गच्च रोप होतं आणि उन्हाळा तापेपर्यंत फुलत राहतं. बहुतेक जण काटे पाहून चार हात दूर राहतात, आणि त्यामुळे या परिसरातली सर्वांत सुंदर रानपॉपी न पाहिलेलीच राहते. याबद्दल वाईट वाटायला हवं.

सकाळी, ऊन चढायच्या आत, ते नीट पाहावं. पानं निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे, कडांना पिवळसर काटे. प्रत्येक पान देठाशिवाय थेट खोडाला बिलगलेलं. कळीला तीन निदलं, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक लहान शिंग. कळी उमलताना ही निदलं गळून पडतात आणि आत चुरगळून बसलेल्या पाकळ्या, बहुधा सहा, हळूहळू सुरकुत्या सोडत पसरतात. पाकळी इतकी तलम की मागच्या बाजूला बोट धरलं तर त्याची सावली पुढून दिसते. मध्यावर पिवळ्या पुंकेसरांची दाटी, आणि त्यांच्या मधोमध गडद लाल कुक्षी, तिचे चार ते सहा फाटे. खोड मोडलं तर हळदीच्या रंगाचा चीक येतो. मधाची लालूच या फुलाकडे फारशी नाही, परागांची आहे, आणि मधमाश्या पराग न्यायला येतात. माशी आली नाही तरी बी धरतंच, कारण स्वतःच्याच परागावर फळ धरण्याची सोय या झाडाने करून ठेवली आहे. रस्त्याकडेला एकटं उगवलेलं झाडही वंश चालवू शकतं ते यामुळेच.

नंतर येतं बोंड. लांबट, काटेरी, हिरवं. वाळलं की टोकाकडून चार-सहा चिरफळ्या बाहेर वळतात, आणि आतल्या ताठ शिरांचा सांगाडा तेवढा उभा राहतो. एका बोंडात चारशेपर्यंत बिया असू शकतात, आणि चांगल्या वाढलेल्या झाडावर डझनावारी बोंडं लागतात. बी गोल, काळपट तपकिरी, मोहरीएवढं. साधं भिंग घेऊन पाहिलं तर फरक कळतो: मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो, याच्यावर जाळीसारखी नक्षी असते. भिंग नसेल तर फसायला होतं. गळून पडलेलं बी लगेच रुजत नाही. ते पावसाळा मातीत काढतं आणि पुढच्या थंडीला, किंवा त्याच्या पुढच्या थंडीला, वर येतं. जनावर काट्यांमुळे तोंड लावत नाही, त्यामुळे झाड बी पिकेपर्यंत सुखरूप उभं राहतं.

या बियांनी भारतात काय केलं आहे ते नोंदलेलं आहे. पिवळ्या धोतऱ्याच्या तेलात सँग्विनारिन हे विषारी द्रव्य असतं. मोहरीच्या तेलात ते मिसळलं गेलं आणि पोटात गेलं की पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं, डोळ्यांतला दाब वाढून दृष्टीही जाऊ शकते. 1877 मध्ये कोलकात्यात या रोगाची साथ नोंदली गेली तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. 1926 मध्ये एस. एल. सरकार यांनी भेसळीच्या मोहरी तेलाकडे बोट दाखवलं. त्यानंतरही साथी थांबल्या नाहीत. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत हजारो लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक दगावले. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटात विकण्याबाबतचा आदेश काढला. यात झाडाचा हेतू नव्हता, हे उघड आहे. शेतात तण म्हणून ते मोहरीबरोबर उगवतं, मळणीत त्याचं बी मोहरीत येतं, आणि काही वेळा माणूस ते मुद्दाम मिसळतो. पण हे सगळं घडू शकलं ते बियांच्या आकारामुळे, संख्येमुळे आणि माणसाच्या पिकाशी जुळवून घेतलेल्या वेळापत्रकामुळे. फुलाचा त्यात काहीच वाटा नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. विषारी म्हणून हे झाड बागेत नको असेल, तर कण्हेर कशी चालते? जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आहे, आणि तिची पानं, बी, चीक सगळंच घातक आहे. कळलावीचा कंदही प्राणघातक ठरू शकतो, तरी श्रावणात तिचं लाल-पिवळं फूल आपण कौतुकाने पाहतो आणि कुंडीतही लावतो. आक्षेपातली वस्तुस्थिती पूर्ण मान्य करायला हवी. विष हे कारण पुरेसं नाही. कण्हेरीचं विष कण्हेरीत राहतं. ते खायला माणसाला कण्हेरीपर्यंत जावं लागतं, आणि मुलांना तसं सांगून, झाड हाताबाहेर ठेवून धोका आटोक्यात राहतो. पिवळ्या धोतऱ्याचं विष बियांबरोबर प्रवास करतं. बाग करणाऱ्याला आपल्या अंगणातल्या विषाची जबाबदारी घेता येते, अंगणाबाहेर गेलेल्या विषाची घेता येत नाही. आणि भीतीही वाढवून सांगू नये. गच्चीवरच्या एका कुंडीतल्या रोपाने बदलापुरात साथ येणार नाही. इथे मोहरीची शेतीही नाही. मुद्दा साथीचा नसून रोप कुंडीत राहतं की नाही याचा आहे, आणि हे रोप कुंडीत राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोराने मांडला जातो: परदेशी झाडांबद्दलचा हा आकस आहे. झेंडूही मेक्सिकोचाच. दसऱ्याला दाराला तोरण कशाचं बांधतो? मिरची, पपई, सीताफळ, पेरू, सगळे त्याच खंडाकडून आले आणि आता त्यांच्याशिवाय आपलं घर ओळखू येणार नाही. हा आक्षेपही मान्य, आणि तो या प्रकरणाच्या म्हणण्याला उलट बळच देतो. जन्मस्थान हा निकष असता तर झेंडू आणि पिवळा धोतरा एकाच रांगेत बसले असते. ते बसत नाहीत, कारण झेंडू दर वर्षी माणसाने पेरावा लागतो. बागेबाहेर पडलेला झेंडू डोंगर व्यापत नाही. त्याचाच मेक्सिकन शेजारी पिवळा-केशरी कॉसमॉस मात्र व्यापतो. बियांच्या पाकिटांतून बागांत आलेला हा कॉसमॉस आज पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या अखेरीस पसरलेला असतो. लोक त्याच्यात उभे राहून फोटो काढतात; त्या जागी आधी कोणती गवतं, कोणती लहान फुलं होती, हे फोटोत येत नाही. देश एक, रंगही जवळपास एक, फरक बियांच्या वागण्याचा.

आणि याच तीन शहरांच्या उशाशी याहून मोठा पुरावा वाहतो. उल्हास नदीवर, विशेषतः रायते-मोहने भागात, उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर साचतो. दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी भारतात आली ती जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळे. तळ्याची शोभा म्हणून आणलेलं झाड आता पिण्याचं पाणी उचलायच्या नदीवरून यंत्रं लावून काढावं लागतं. न्याय म्हणून एवढं सांगायला हवं की जलपर्णीला एकटीला दोष देता येणार नाही. नदीत जाणारं सांडपाणी तिचं खत आहे. पाणी स्वच्छ असतं तर ती इतकी माजली नसती. पण सांडपाणी आधीच होतं म्हणून ती आणणाऱ्याचा हिशेब बरोबर ठरत नाही. ज्याने ती तळ्यात सोडली त्याने फूल पाहिलं, धुमारे मोजले नाहीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पिवळा धोतरा आधीच सगळीकडे आहे, मग एका कुंडीने काय वाढणार? वाढतं ते असं. राडारोड्यावरचं झाड उपाशी असतं; गुडघ्याएवढं वाढतं, मोजकी बोंडं धरतं. त्याच झाडाला शेणखत घातलेली माती आणि रोजचं पाणी मिळालं की ते दुप्पट फोफावतं, आणि बोंडंही त्या मानाने लागतात. हे बी कुंडीतल्या मातीत मिसळतं, आणि कुंडीतली माती शहरात सतत फिरत असते: जुनी माती दुसऱ्या कुंडीत, उरलेली सोसायटीच्या वाफ्यात, वाफ्यातली शेजारच्या शेतघराच्या बांधावर. चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमधलं बोंड वाऱ्याने हललं की बी थेट गटारात. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. पाणी इथे मातीला कुठल्या कुठे नेतं, हे जुलै 2019 मध्ये साऱ्या राज्याने पाहिलं. उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकून पडली होती. रूळ बुडवणाऱ्या पाण्याला मोहरीएवढ्या बियांचं ओझं वाटत नाही. नदीकाठच्या आणि रुळांलगतच्या भाजीच्या वाफ्यांत, जिथे मेथी-पालक वाढतात, तिथे हे बी पोचणं म्हणजे कुणाच्या तरी खुरपणीचं काम वाढणं. दुसऱ्याचं काम वाढवून आपली बाग फुलवण्यात काही शोभा नाही.

तेव्हा पिवळा धोतरा पाहावा, लावू नये. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळच्या वेळी, जिथे मुरूम किंवा राडारोडा पडला आहे अशा मोकळ्या जागेच्या कडेला तो शोधावा. रुळांवर मात्र उतरू नये, फलाटावरून किंवा लोकलच्या खिडकीतून दिसेल तेवढा पुरे. सोसायटीच्या आवारात आपोआप उगवला असेल, तर पहिली काही फुलं बघून घ्यावीत, मुलांना ती निदलांची शिंगं आणि पिवळा चीक दाखवावा, आणि बोंडं हिरवी असतानाच जाड हातमोजे घालून मुळासकट उपटावा. बोंडं वाळून तोंडं उघडल्यावर उपटणं म्हणजे स्वतःच्या हाताने पेरणी करणं.

पॉपी लावायचीच हौस असेल तर ती पुरवता येते, आणि इथे बियांचा तोच विचार वाट दाखवतो. युरोपच्या किनाऱ्यावरची शिंगाळी पॉपी बदलापुरात जगवायचा प्रयत्न करू नये. पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं, असा तिचा क्रम. मधला पावसाळा तिला काढता येणार नाही, इथल्या धारांत तिचं सोटमूळ कुजेल. कॅलिफोर्नियाची पॉपी मात्र हंगामी म्हणूनही जगू शकते, हे वर आलंच आहे, आणि आपल्याला नेमकी तीच सवय हवी आहे. पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीच्या आगेमागे किंवा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी पेरावं. थंडीच्या लाटेत बदलापूरचा पारा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा काही अंश खाली उतरतो. ही थंडी या रोपाला मानवते. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकला की ते संपतं. म्हणजे हातात चार-पाच महिने आहेत आणि उशीर परवडत नाही.

माती गरीब हवी. पोयट्यात निम्म्याच्या आसपास जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम मिसळावा, शेणखत नावापुरतं. खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. कुंडी पसरटपेक्षा खोल घ्यावी, कारण मूळ सरळ खाली जातं. त्याच कारणाने बी जिथे फुलवायचं तिथेच पेरावं. ट्रेमध्ये रोपं करून लावायला गेलं की मूळ दुखावतं आणि रोप बसतं. बी मातीवर भुरभुरून वर वाळूचा पातळ थर द्यावा, पाणी झारीने द्यावं. रोपांना पाच-सहा पानं आली की विरळणी करावी. जीव तुटतो, पण दाटीत एकही रोप धड फुलत नाही. पूर्ण ऊन लागतं. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी ही फुलं मिटतात, तेव्हा झाड आजारी पडलं असं समजू नये. लाल रानपॉपीपासून तयार झालेली शर्ली पॉपीही याच पद्धतीने येते. तिची कथाही बियांच्या निवडीचीच आहे: इंग्लंडमधल्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना 1880 च्या सुमारास पांढऱ्या कडेचं एक लाल रानफूल दिसलं, त्यांनी त्याचंच बी राखलं, आणि पुढे वर्षानुवर्षं निवडत जाऊन हा फिका, नाजूक वाण तयार केला. तिचं बोंड मिरीदाणीसारखं, वरच्या टोपीखाली बारीक भोकं असलेलं. वारा त्याला हलवतो आणि बी शिंपडलं जातं. कॅलिफोर्नियाच्या पॉपीची शेंग मात्र वाळली की उभी फाटते आणि बी झटक्याने लांब फेकते. म्हणून दोघींची बोंडं पिवळी पडू लागताच कापावीत, कागदी पिशवीत वाळवावीत आणि बी पुढच्या दिवाळीसाठी ठेवावं.

एक इशारा मध्येच द्यायला हवा. स्वयंपाकघरातली खसखस पेरून पाहण्याचा मोह काहींना होतो, आणि कधी कधी ती उगवतेही. ते झाड अफूचं असतं. परवान्याशिवाय ते लावणं 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि शोभेसाठी लावलं होतं ही सबब चालत नाही. पाकीट घेताना त्यावर जातीचं नाव स्पष्ट असेल तरच घ्यावं.

शेवटचा आक्षेप माळीकाम मनापासून करणाऱ्यांचा. प्रत्येक बोंड कापायचं, तर रानफूल लावण्याचा अर्थ काय उरला? आपोआप पडलेल्या बियांतून नको त्या कोपऱ्यात उगवलेलं रोप, फरशीच्या फटीतलं फूल, बी टिपायला आलेल्या चिमण्या आणि मुनिया, हाच तर रानटी बागेचा आनंद. हे अगदी खरं आहे, आणि तो आनंद सोडायची गरज नाही. तो फक्त अशा झाडाकडून घ्यावा ज्याचं बी बाहेर गेलं तर घरीच जातं. या परिसरात पॉपीची हौस भागवणारं असं झाड आहे: रानभेंडी. कोंडेश्वरच्या वाटेने किंवा बारवी धरणाकडे जाताना पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती दिसू शकते. फिकट पिवळ्या, रुंद, तलम पाकळ्या, मध्यावर गडद किरमिजी डोळा, आणि एका दिवसाचं आयुष्य. आकाराने ती बहुतेक पॉपींपेक्षा मोठी. बी भेंडीसारखंच, जड. बोंड उकललं की ते झाडापासून फार लांब जात नाही, आणि गेलं तरी डोंगराला नवं काही मिळत नाही. रस्त्याकडेच्या झाडावरचं एखादं वाळलेलं बोंड, लव खाजरी असते म्हणून रुमालात धरून, घ्यावं. जंगलातून रोप उपटून आणू नये. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर बी रात्रभर भिजवून थेट जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत पेरावं. ती कमरेच्या वर वाढते, म्हणून ग्रिलपेक्षा आवार किंवा गच्ची तिला बरी. बोंडांवर लाल ढेकूण येतील. औषध न मारता ते झटकून साबणाच्या पाण्यात टाकावेत. इतर बोंडं तशीच वाळू द्यावीत, उकलू द्यावीत, आणि पुढच्या आषाढात ती जिथे उगवेल तिथे उगवू द्यावी.